रांग केवढी होती?

आज राजाजीनगरच्या शाळेत मत दिलं. बोटावरच्या ओल्या शाईचा उग्र वास आला आणि अप्पांचा दवाखान्यातला पलंग डोळ्यांपुढे उभा राहिला.

अप्पा राज्याच्या निवडणूक कार्यालयात अधिकारी होते. मागच्या निवडणुकीआधी महादेवपुऱ्याच्या उंच इमारतींत दारोदार फिरून त्यांनी लोकांना मतदानासाठी विनवलं होतं. त्या मतदानाच्या दिवशी मात्र त्यांनाच उठवत नव्हतं.

"अक्का, स्वल्प, थोडा वेळ सोडा ना, मत देऊन लगेच येतो," ते नर्सला म्हणाले.

"आधी उठून बसून दाखवा, सर," ती हसली.

मी मत देऊन परतले. त्यांनी माझं बोट नाकाशी नेलं.

"रांग केवढी होती गं?"

केंद्र ओस होतं. सुट्टी साधून लोक कूर्गला गेले होते. नोकरीत प्रसिद्धीपत्रकात एक ओळही खोटी छापू न देणारी मी म्हणाले, "पार रस्त्यापर्यंत, अप्पा."

"बघ! येतात लोक."

त्याच आठवड्यात ते गेले.

आज बाहेर आले, तर एव्हाना रांग खरंच रस्त्यापर्यंत गेली होती. मी तिच्या कडेकडेनं शेवटपर्यंत चालत गेले.

"काय झालं अक्का? यादीत नाव नाही?" शेवटच्या बाईंनी विचारलं.

"आहे हो," म्हणत मी डोळे पुसले.