मावशीचा कोंबड्यांचा दवाखाना

जगात खरा अन्याय फक्त कोंबड्यांवर होतो, बाकीचे सगळे उगाच रडतात, असं माझ्या मेडशीच्या मावशीचं ठाम मत होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि तिच्याच घरी राहू लागलो. मावशी विधवा, घर, शेत, बैलजोडी सगळं तिच्या दिराच्या हातात. तिच्या ताब्यात काय, तर परसातल्या अकरा कोंबड्या आणि कधीही न आटणारा संताप. सकाळी डोळे उघडायची तीच रागावून. मांजरावर, कावळ्यावर, अंडं मागायला आलेल्या शेजारणीवर. "कोंबडीनं घातलं ना ते? मंग तिले इचारलं काय?" शेजारीण बिचारी रिकाम्या हाताने परत जाई आणि घटकाभराने मावशीच पदराखाली दोन अंडी घेऊन तिच्या दारात उभी राही, तीही रागातच.

त्या उन्हाळ्यात तिची तांबडी कोंबडी लंगडू लागली. तळव्याला सुपारीएवढी गाठ, तिच्यावर काळी खपली. नेमके त्याच आठवड्यात दिरांचे व्याही मुक्कामाला यायचे होते. दीर म्हणाले, "वहिनी, लंगडीच कापू. तशीबी मरूनच राह्यली ते."

मावशी चुलीपुढून ताडकन उठली. "पाय दुखते म्हून कापता? भाऊजी, मागच्या साली तुमच्या पायाले नारू निंगाला, महिनाभर खाटीवर होते. तवा कोनी सुरी पाजवली होती काय?"

व्याह्यांना बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा वाढला गेला. त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला, पण दीर ताटावरून अर्धपोटीच उठले.

पुढे गावात बैलांना सुया टोचायला ढोरांचा डॉक्टर आला. मावशी कोंबडी काखेत मारून बैलांच्या रांगेत उभी राहिली. डॉक्टर हसला. म्हणाला, "बाई, मी मोठी जनावरं पाहतो." झालं! "बैलाले चार पाय हायेत," मावशी कडाडली, "एक दुखला तं तीन रायतात. हिले दोनच हायेत! कोनाचं आधी पायजे, तुमीच सांगा." रांगेतले लोक हसले, डॉक्टर मात्र हसायचा थांबला. त्याने पाय उलटा करून पाहिला, काय करायचं ते नीट सांगितलं आणि विचारलं, "ही उंचावरून दगडावर उडी मारते का?" मावशीने वळून रांगेत बैल धरून उभ्या असलेल्या दिरांकडे पाहिलं. परसात दगडी फरशी त्यांनीच मोठ्या हौसेने घातली होती.

दुसऱ्या दिवशी मी कोंबडी फडक्यात गुंडाळून धरली. मावशीने तिचा पाय कोमट मिठाच्या पाण्यात बराच वेळ भिजवला, उकळलेल्या पात्याने खपली उचलली आणि आतली पिवळी, घट्ट गाठ हळूच बाहेर काढली. तेवढ्यातही माझा उद्धार चालूच होता. "बापू, तुले मास्तर कोनी केलं? एक कोंबडी धरता येत नाई!" मग हळद भरताना कोंबडी कळवळली, आणि मावशी एकदम हळू आवाजात म्हणाली, "झालं माय, झालं." तो आवाज मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकला.

रोज पट्टी बदलून महिनाभरात तांबडी दोन्ही पायांवर चालू लागली. फरशीवर माती आणि तणस पसरलं गेलं, कोंबड्यांची बसायची उंच काठी खाली आली. बातमी पसरली. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून एक बाई कोंबडा घेऊन पायी आली. मावशीने आधी तिची खरडपट्टी काढली, मग कोंबड्याला पट्टी बांधली आणि शेवटी त्या बाईला पोटभर जेवू घातलं.

पुढे माझी बदली कारंज्याला झाली आणि बरीच वर्षं गेली. मावशी वारल्याचं कळलं, पण दोन दिवस मोटारच मिळाली नाही. मी पोचलो ते तिसऱ्या दिवशी. परसात दीर एकटेच बसले होते, मांडीवर एक पांढरी कोंबडी, हातात चिंधी. म्हाताऱ्या बोटांना चिंधीची गाठ जमत नव्हती.

"वहिनी असत्या तं मले सोडलं नसतं," ते मान वर न करता म्हणाले. "पट्टी ढिल्ली हाय म्हून."

मी खाली बसलो आणि कोंबडी धरली.