होबार्टसाठी बांधलेलं गाणं

ओसी लेडफर्डनं अमेरिकेतल्या कॅरोलायनात एका सूतगिरणीत तेवीस वर्षं काढली. तिचा नवरा होबार्ट त्याच गिरणीतला कापूस छातीत भरून घेऊन चार महिन्यांपूर्वी, एकोणीसशे चौसष्टच्या मार्चात गेला. ओसीनं त्याच्यावर एक गाणं बांधलं, रेडिओवर लागतात तसंच, गिटारवरचं. गावाबाहेरच्या चार माणसांच्या कानावर त्याचं नाव पडावं, एवढाच तिचा हट्ट. म्हणून तर विद्यापीठातल्या प्रेस्कॉटसाहेबांनी लोकसंगीताच्या जलशाला बोलावलं, तेव्हा ती एका पायावर तयार झाली.

चारचौघांत जायचं तर नीटनेटकं जायला हवं. तिनं पार्लरात केस उंच बांधून घेतले, गुलाबी झग्यावर टिकल्या शिवल्या. तिथं जाऊन पाहते तो काय, डॉक्टर-वकिलांची पोरं ठिगळांच्या विजारी घालून गवतावर लोळत होती! ओसीच्या आईनं असल्या अवतारात तिला अंगणातसुद्धा पाऊल टाकू दिलं नसतं.

तिला पाहून साहेब चपापले. त्यांच्या बायकोनं एक विटका सुती झगा पुढे केला.

"ओसीबाई, हा घालाल का? जरा साधा आहे."

"अहो, असल्यानं आम्ही फरशी पुसतो," ओसी म्हणाली. पण होबार्टसाठी तिनं तोही अंगात घातला.

"तुमच्या आजीनं शिकवलेलं ते सरदाराच्या मरणाचं जुनं गाणं म्हणा," साहेब म्हणाले.

"आणि मग आमच्या ह्यांचं?"

साहेबांनी घसा खाकरला. "ते रेडिओसारखं वाटतं हो. इथल्या लोकांना अस्सल हवं असतं."

"मग माझा नवरा काय नकली होता?"

"बघू, वेळ उरला तर," साहेब कसनुसं हसले.

सरदाराच्या गाण्यानं मैदान चिडीचूप झालं, मग टाळ्यांचा कडकडाट. ओसीनं कोणाला न विचारताच होबार्टचं गाणं धरलं. दोन ओळी होतात न होतात तोच पोरं उठून सरबताकडे वळली. साहेब टाळ्या वाजवत मंचावर आले आणि त्यांनी पुढच्या मंडळींना बोलावलं. एवढ्या गर्दीत ओसीइतकं एकटं कोणी नव्हतं.

पायऱ्यांशी एक पोरगी तिच्या गळ्यातच पडली. रडून रडून डोळे सुजलेले.

"किती तरुणपणी गेला हो बिचारा सरदार!"

ओसीनं तळहातानं तिचे डोळे पुसले. "तीनशे वर्षं झाली गं त्याला," ती म्हणाली. "उगी."