पहिला फोटो भोवऱ्याचा

लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. आक्कांच्या शेजारीण बोलत होत्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आक्काची मांजर आमच्याकडं हाय, तिची काळजी करू नका." मांजर तुमच्याकडं कशाला, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि... उत्तर त्याच क्षणी कळलं. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, सकाळचा चहा पिऊन खुर्चीत टेकल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला आलेला जो तो "बिचारी" म्हणून गेला. लहान वयात नवरा गेला, लेकरू नाही, जन्मभर दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापल्या, बिचारी. हा शब्द माझ्या गळ्याखाली उतरला नाही, म्हणून लिहायला बसले. आक्का जिंकून गेलेली बाई होती. कशी, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांची गोष्ट आमच्या घरात हळू आवाजात सांगायचे. आक्कांना मंगळ होता. स्थळ चांगलं आलं, हातचं जाऊ नये म्हणून माझ्या सासऱ्यांनी तो मुलाकडच्यांपासून लपवला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला आणि लपवलेलं बाहेर आलं. "फसवून गळ्यात बांधलेली" म्हणत सासरच्यांनी आक्कांना माहेरी आणून सोडलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. आक्का मानत होत्या का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. माहेरी त्या फार दिवस बसल्याही नाहीत. लातूरला खोली घेतली आणि शिकायला आलेल्या पोरांसाठी मेस काढली. मी सून होऊन आले तेव्हा त्यांच्या मेसचं नाव गावभर होतं. माझ्या माहेरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. ही गोष्ट मी ताठ मानेनं सांगते, पण माझ्याही आधी आक्का सांगायच्या, आणि वर टोमणा जोडायच्या, "आमची प्रोफेसरीण हाय ही. कुत्र्याला बी 'आपण बसा' म्हनती."

गुडघ्यांनी दगा दिला तशी मेस बंद केली. मेसमध्ये जेवून मोठा झालेला एक पोरगा पुढं लग्नाचे फोटो काढायला लागला होता. त्यानं नवा कॅमेरा घेतल्यावर जुना आक्कांनी विकत घेतला. माणसांचे फोटो मात्र काढले नाहीत. "मानसं लई तोंडं करत्यात," म्हणायच्या. गल्लीतली कुत्री, शेजारणीच्या शेळ्या, कुणाचा पोपट, कुणाचा ससा. पद्धत त्यांची स्वतःची होती. आधी जनावराला खाऊ घालायचं, मग कॅमेरा हातात घ्यायचा. उपाशी जनावर कॅमेऱ्याकडं बघत नाही, हाताकडं बघतं, हा मेसमधला अनुभव. दुसरं म्हणजे त्याच्या उंचीवर जायचं. साडीचा पदर खोचून, पायात पोरांसारखे बूट घालून ही साठीची बाई भर रस्त्यात आडवी व्हायची. गुडघा वाकत नाही म्हणून सरळ झोपायचंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारी पडली. उचलायला धावलेल्यांना त्या खालूनच ओरडायच्या, "सावली पाडायलाव, सरका तिकडं!" एकदा एका डॉक्टरांच्या घरचे आपल्या पांढऱ्या कुत्र्याला लाल रिबन बांधून घेऊन आले. आक्कांनी आधी रिबन सोडली, दुधात भाकर कुस्करून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्यानं मिशा चाटल्यावर फोटो काढला. त्या फोटोत कुत्रं खरोखर हसतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं तर आम्ही याला कधी बघितलंच नाही." आक्का म्हणाल्या, "कसं बगताल? तुमी रिबन बगत व्हता."

मग घोड्यांचं वेड लागलं. आमच्या नांदेड जिल्ह्यात घोडा बघायचा तर माळेगावच्या जत्रेत. आक्का दरवर्षी माझ्याकडं मुक्कामाला यायच्या, आणि सोबत म्हणून मी. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत त्या गूळ-हरभऱ्याची पिशवी घेऊन फिरायच्या. पहिल्या वर्षी न विचारता एकाच्या शिंगराला गूळ भरवला, तर मालक काठी घेऊन अंगावर आला. परक्याच्या हातचं घोड्याला चालत नाही, नजर लागते. आक्का जागच्या हलल्या नाहीत. "मी निम्म्या मराठवाड्याच्या पोरांला भरवलंय. एकाला बी नजर लागली न्हाई." शेवटी त्याच मालकानं चहा पाजला. तेव्हापासून त्या घोडेवाल्यांच्या आक्का झाल्या. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकटी बाई, आणि सगळ्यांत जास्त बोलणारी.

ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतेय, तो एका वर्षीच्या जत्रेतला बाजाराचा शेवटचा दिवस होता. भोकरकडचे गणपतराव म्हणून एक वयस्कर शेतकरी आपली घोडी घेऊन बसले होते. अशी घोडी मी जन्मात पाहिली नव्हती. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. चाल अशी, की पाठीवर भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळू नये. पण गिऱ्हाईक यायचं, डाव्या बाजूला जायचं आणि न बोलता पुढं सरकायचं. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. तिथला भोवरा मालकाला रडवतो, असं घोडेवाले मानतात. गणपतरावांचं खुब्याचं हाड मोडलेलं, पोरं पुण्याला, घोडी सांभाळणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आणि जवळच लग्नात घोडी भाड्यानं देणारा एक वरातीवाला दबा धरून होता. संध्याकाळी बाजार उठला की घोडी पडेल भावात आपल्यालाच मिळणार, हे तो जाणून होता. डीजेपुढं उभी राहणारी, लोखंडी लगामानं तोंड फाटलेली त्याची घोडी शेजारीच बांधलेली होती. गणपतराव तिच्याकडं बघत नव्हते.

आक्कांच्या हातात कॅमेरा बघून ते म्हणाले, "बाई, उजव्या अंगानं चार फोटो काडा आन् टाका ग्रुपवर. भोवरा दिसू देऊ नका. मानूस हितवर आला की मी बगून घेतो."

आक्कांनी घोडीला गूळ दिला. तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "काडते. पर पयला फोटो भोवऱ्याचा."

"मग कोन येईल ओ बाई?"

"येनार न्हाई तर न्हाई येनार. लपवून दिलेल्याचं फुडं काय व्हतंय ते मला इचारा, मालक. मला तसंच दिलती. तिथं गेल्यावर भांडं फुटलं तरी माज्यामुळं, म्हैस आटली तरी माज्यामुळं. हिला बी तेच करायचं का?"

जे आमच्या घरात दार लावून बोललं जायचं, ते त्या भर बाजारात बोलल्या. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. गणपतराव काठीनं माती उकरत म्हणाले, "काडा."

आक्का मातीत आडव्या झाल्या. घोडीनं मान खाली घालून त्यांचं डोकं हुंगलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला. अख्ख्या फोटोत नुसता तो डोळा, त्याच्याखाली भोवरा, आणि डोळ्याच्या बुबुळात पालथी झोपलेली आक्का. कॅमेऱ्यातला फोटो आक्कांच्या मोबाइलवर घेऊन मी त्यांच्या ग्रुपवर टाकला, मागून बाकीचे टाकले. पाच मिनिटांत टिंगल सुरू झाली. हसऱ्या तोंडांची रांगच लागली. एकानं लिहिलं, "आक्का, घोडी इकायलाव का भ्या दाखवायलाव?" गणपतराव डोक्याला हात लावून बसले. माझाही धीर सुटला. "आक्का, निदान हा पहिला टाकायला नको होता," मी म्हणाले. "तू गप, आन् हिला पानी आन," त्या म्हणाल्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा उदगीरचा एक व्यापारी आला. गळ्यात इष्टलिंग, हातात मोबाइल. कुणाशी न बोलता तो सरळ डाव्या बाजूला गेला, भोवऱ्यावर बोट ठेवलं, मोबाइलातल्या फोटोशी ताडून बघितला. मग पाय उचलून बघितले, दात बघितले, चालवून बघितली. आणि म्हणाला, "आजपत्तर शंभर फोटो आले मला. सगळे चांगल्या अंगाचे. हितं येऊन बगावं तर कुटं पाय सुजलेला, कुटं डोळा गेलेला. खोट आदी दाखवनारा ह्यो एकच. मंजी बाकीचं बी खरं असनार." गणपतरावांनी प्रामाणिकपणानं भोवऱ्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली, तर तो हसला. "काका, बिनभोवऱ्याच्या तीन घोड्या सांभाळल्या म्यां. रडायचं काय चुकलं न्हाई." गणपतरावांनी दावं त्याच्या हातात दिलं. वरातीवाला केव्हा उठून गेला, कळलंही नाही. आक्कांनी अंगावरची माती झटकली आणि मला म्हणाल्या, "लिव आता ग्रुपवर, प्रोफेसरीण. घोडी गेली म्हनून." मी लिहिलं. हसरी तोंडं थांबली.

पुढच्या वर्षी तीच घोडी माळेगावला आली, ती विकायला नाही, चालीच्या स्पर्धेला. पहिला नंबर आला. गणपतराव काठी टेकत मुद्दाम बघायला आले होते आणि लहान लेकरागत टाळ्या वाजवत होते. उदगीरच्या मालकानं गुलाल आधी घोडीला लावला, मग आक्कांकडं वळला. त्या मागं सरकल्या. विधवा बाईला गुलाल... सवयीनं सरकल्या असतील. तो म्हणाला, "आक्का, तुमच्या फोटोनं आनली हिला," आणि कपाळभर गुलाल लावला. आक्कांनी पुसला नाही. तसल्याच कपाळानं एसटीत बसून नांदेडला आल्या, तसल्याच कपाळानं माझ्याकडं जेवल्या. त्या दिवशी त्यांचा फोटो काढायचं मात्र मला सुचलं नाही.

यंदा आक्का नव्हत्या. त्यांचा कॅमेरा माझ्याकडं आला होता, म्हणून मी एकटीच माळेगावला गेले. घोड्यांच्या रांगेत एक तरणा विक्रेता उभा होता. परभणीकडचा, पहिल्यांदाच आलेला. हातात कॅमेरा दिसला तसं त्यानं मला हाक मारली, घोडा वळवून उभा केला आणि मी काही म्हणायच्या आत मागच्या पायावरची जुन्या जखमेची खूण बोटानं दाखवली. "मॅडम, आदी ही काडा."

मी विचारलं, "ही आधी का?"

त्यानं माझ्याकडं, एवढंही कसं माहीत नाही अशा नजरेनं बघितलं. आक्का कोण, त्याला ठाऊक नव्हतं. भोवऱ्याची घोडी ठाऊक नव्हती.

"हितं समदे तसंच काडत्यात," तो म्हणाला.

मी पदर खोचला आणि मातीत आडवी झाले.