कापडाची मागची बाजू

कंपनीतर्फे मला मुंबई बंदरात उभं असलेलं एक आलिशान क्रूझ जहाज पाहायला मिळालं. तिथलं जेवण आणि तिथली चित्रं जगभर नावाजलेली. कुठले तुम्ही, असं कुणी विचारलं की मी सोलापूरचं नाव न घेता "पुण्याकडचा" म्हणत होतो.

आमच्या गटात एक म्हातारे होते. पांढरा सदरा, पायांत नवे, चावणारे बूट. त्यांची मुलगी जहाजावर वेट्रेस होती. तिनेच त्यांचा पास काढला होता. जेवायला बसल्यावर त्यांनी आधी नॅपकिनची किनार नखाने खरवडून पाहिली, मग सूप प्यायले.

कलादालनात एका विणलेल्या चित्रापाशी ते थांबले. "उलटं लावलंय की हे."

"नान्ना, हात लावू नका! माझी नोकरी जाईल," वडिलांना तेलुगूत हाक मारत सोबत आलेली मुलगी कुजबुजली.

दालनाचे अधिकारी हसले. "आजोबा, मॉडर्न आर्ट आहे."

"असंल. पण धाग्यांची टोकं कुणी पुढं ठेवतं व्हय?" त्यांनी दोन बोटांनी कोपरा अलगद उलटला. भिंतीकडच्या बाजूला चित्रकाराची सही सुलट अक्षरांत विणलेली होती.

अधिकाऱ्यांचं हसू मावळलं. "आपण कलाकार आहात का?"

"न्हाय. सोलापुरात भवानी पेठेत मागावर हाय, चाळीस वर्षं."

मुलीने सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला. त्याच पेठेतल्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून माझ्या आईने मला पदवीपर्यंत शिकवलं. मी पुढे झालो.

"मीपण भवानी पेठेतलाच," मी अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.