तपासल्याशिवाय रक्त न देणाऱ्या कुमुदबाई

फोन आला तेव्हा मी सौसरच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. "वहिनी गेल्या," एवढंच हे म्हणाले. माझ्या थोरल्या जाऊबाई, कुमुदबाई. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात रक्तपेढीत त्यांचा अख्खा जन्म गेला, आणि सकाळी चहा घेताघेता छातीत कळ येऊन त्या गेल्या. महिना होत आला. खरं सांगू? मला आधी रडू नाही आलं, भीती वाटली. आता माझ्या पोरीचं कसं होईल, हेच पहिलं मनात आलं. अशी मी! का, ते सांगते.

माझं रक्त ओ निगेटिव्ह. माझं लग्न जुळवताना बाबांनी बायोडाट्यात बिनधास्त 'ओ पॉझिटिव्ह' लिहून दिलं. निगेटिव्ह वाचलं की लोकांना वाटतं पोरीत खोट आहे, लेकरं टिकणार नाहीत. "लग्न होऊ दे, मग कोन पाहते!" बाबा म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिथलं रक्तगटाचं कार्ड आईने ट्रंकेत टाकलं. मुलगीही माझ्याच रक्तगटाची निघाली, म्हणून निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर देतात त्या सुईचाही प्रश्न आला नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात, नेमकं गोटमारच्या जत्रेच्या दिवशी, अंगावरून रक्त जायला लागलं. तिकडे जांब नदीवर सावरगाव आणि पांढुर्णा एकमेकांवर दगड भिरकावत होते, इकडे दवाखान्यात डोकी फुटलेल्यांची रांग... मला आत घेतलं तेव्हा हे ओरडत होते, "वहिनी, ओ पॉझिटिव्ह आहे, बाटली द्या लवकर!" मी शुद्धीत होते. सगळं ऐकत होते आणि तोंड उघडत नव्हते. मरायची भीती होतीच, पण दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांची भीती जास्त वाटली. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

जाऊबाईंनी नळीत माझं रक्त घेतलं आणि विचारलं, "नाव सांग."

"अवं बाई, मी सुनंदा, तुमची जाऊ!"

"पुरं नाव सांग."

सांगितलं. त्यांनी ते नळीवर लिहिलं. त्यांचा नेमच तसा, तोंडी सांगितलेल्या ग्रुपवर सख्ख्या भावालाही बाटली द्यायच्या नाहीत. आधी गट तपासायचा, पुन्हा तपासायचा, मग बाटलीतल्या रक्ताशी जुळवून पाहायचं. "भाऊजी, बाजूले व्हा, मले काम करू द्या," त्यांनी यांना दटावलं. परत आल्या त्या माझ्या कानाशी वाकल्या. "निगेटिव्ह हाय तुह्यं. काहून लपवून राहिली वं?" फ्रिजमध्ये निगेटिव्हची एकच बाटली निघाली. दुसरीसाठी त्यांनी रामाकोन्याच्या एका शेतकऱ्याला फोन केला, तो फवारणी सोडून मोटारसायकलवर आला. बाळ राहिलं नाही. मी राहिले. सासूबाईंना जाऊबाईंनीच समजावलं, "कोनाचे डोये काये, कोनाचे घारे, तसंच हाय हे." मला कोणी खाल्लं नाही.

एवढी अद्दल घडलेली बाई पुढे काय करेल? मी लेकीच्या बायोडाट्यातून रक्तगटाची ओळच गाळली! बोरगावचं स्थळ चांगलं होतं, हातचं जाईल म्हणून. साखरपुडा ठरला तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "सांगतलं का तिकडे?" मी म्हटलं, "हो तं!" त्या उठून चहा टाकायला गेल्या.

आता पोरगी पाचव्या महिन्यात आहे, सासरी. तपासण्या माहेरी होतात, कार्ड माझ्या कपाटात, तिलाही मीच गप्प बसवलेलं. आजवर एकच धीर होता, काही झालंच तर जाऊबाई आहेत. दुसरं कोणीही रक्त तपासेलच, पण ऐन वेळी निगेटिव्ह बाटली कुठून आणतील? धावायचं कोणाकडे, हे त्या घराला कळणार कसं?

तेरवी झाली आणि मी विहीणबाईंना फोन लावला. बोलले एकदाचं. त्या म्हणाल्या, "आम्हाले ठाऊक हाय ताई. साखरपुड्याच्या आधीच तुमच्या जाऊबाई येऊन सांगून गेल्या. आसपासचे दोन निगेटिव्हवाले हुडकून त्याइचे नंबरबी भिंतीवर लिहून देल्ले."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"शपथ घातली होती त्याइनं. म्हने, सुनंदा सोताहून सांगन, तवापावतर इचारू नका. ते लय भेते."

रविवारी बोरगावला गेले. भीती गेलेली नाही, पोरगी सुखरूप सुटेपर्यंत जाणारही नाही. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर, दोन नंबर आहेत, जाऊबाईंच्या त्या मोठ्या मोठ्या आकड्यांत. गेल्या दिवाळीला विहीणबाईंनी सगळं घर नव्याने रंगवलं. तेवढा हातभर तुकडा सोडून.