खिशांचा पडदा

पेंटरकाकांच्या घरात एकही डबा खरं बोलत नसे. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, दूध पावडरच्या डब्यात साखर, बुटांच्या खोक्यात औषधं. रिकाम्या बाटल्या, फुटके मग, सगळं काकूंनी कामाला जुंपलेलं. आणि दारामागे खिशांचा पडदा. नवऱ्याचे शर्ट विरले की काकू त्यांचे खिसे उसवून एका जुन्या चादरीवर शिवायच्या. एकात कात्री, एकात किल्ल्या, एकात चष्मा. रंगाचे डाग तसेच.

गल्ली त्यांना डबाकाकू म्हणे. "काकू, काकांनाही डब्यातच ठेवता का?" कुणी चिडवलं, तर काकू म्हणत, "ठेवले असते, पण झाकण लागत नाही!"

काका पाट्या रंगवत. बाजारातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं मोत्यासारखं अक्षर. पाटी नीट असली की जगात कुणी चुकत नाही, असं त्यांचं ठाम मत. इतक्या भाबड्या माणसाला काय म्हणावं!

मग काकू विसरायला लागल्या. आधी माणसांची नावं, मग गल्लीतली वळणं. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला आमच्या इथल्या केंद्रात ठेवू. अशा माणसांना नीट सांभाळतात तिथे."

"स्वतःच्या हातानं चहा करतेय तोवर ती इथून हलणार नाही."

"परवा चहात मीठ होतं, बाबा."

हे काकांना फार लागलं. मुलीनं आईला दोन दिवस आपल्याकडे नेलं, तेव्हा त्यांनी कंबर कसली. एकसारख्या नव्या बरण्या आणल्या, सगळं त्यांत भरलं आणि प्रत्येकीवर लाल-निळ्या रंगात रेखीव अक्षरं काढली. साखर. मीठ. चहा. आयुष्यात इतक्या मायेनं त्यांनी एकही पाटी रंगवली नव्हती. जुने डबे आणि तो खिशांचा पडदा भंगारवाल्याच्या गाडीवर गेला.

मुलीबरोबर काकू परत आल्या आणि सवयीनं चहा करायला ओट्याशी गेल्या. हात फळीच्या कोपऱ्यात गेला, जिथे पावडरचा डबा असायचा. तिथे काहीच नव्हतं. हात पुन्हा पुन्हा तिथेच जात राहिला.

"अगं, समोर तर आहे साखर. वाच की."

काकूंनी बरणीकडे पाहिलं, भिंतीवरच्या ओलीकडे पाहावं तसं. अक्षरं त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेली होती. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि जन्मभर अक्षरांवर पोट भरलेल्या माणसाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. फक्त हातांना घर पाठ होतं. काकांनी तेच घर भंगारात घातलं होतं.

काकूंनी पायांत चपला सरकवल्या. "निघते मी. उशीर झाला. घरी चहा टाकायचाय."

मुलीनं आईला धरून बसवलं आणि काका भंगारवाल्याकडे धावत सुटले. डबे चेपून, गठ्ठे बांधून पुढे गेले होते. पडदा तेवढा तराजूवर पडलेला.

"न्या काका, चिंध्या कोण घेतोय?"

घरी येऊन त्यांनी तो दारामागे टांगला. मुलगी आतल्या खोलीत आईची बॅग भरत होती. काकांनी अडवलं नाही. आता कुठल्या तोंडानं अडवणार होते?

काकू उठून पडद्यापाशी आल्या. खिशांवरून हात फिरवता फिरवता एका निळ्या डागापाशी थांबल्या आणि हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"आमच्या ह्यांचा शर्ट," त्या म्हणाल्या. "खिशात ब्रश ठेवू नका म्हणून किती सांगायचं!"

काका दोन पावलं पुढे झाले. काकू वळल्या आणि घाईघाईनं पदर सावरला.

"बसा ना, भाऊ. हे पाटी रंगवायला गेलेत, येतीलच एवढ्यात. चहा टाकला असता, पण साखर कुठे सापडत नाही बघा."

काका खुर्चीवर बसले.

"असू दे, वहिनी," ते म्हणाले. "येऊ दे त्यांना. मला काही घाई नाही."