लोणारच्या काठावर

लोणारच्या विवराच्या काठावर आम्ही उभे होतो. हे विवर आकाशातून आलेल्या दगडाने पाडलं आणि तो दगड विवराच्या मानाने अगदीच लहान होता, असं गाइड सांगत होता.

दादा हसला. "एवढासा दगड काय करणार?"

"वेगात होता ना," वहिनी हळूच म्हणाली. दादाने ऐकलंच नाही.

मंगळ आणि गुरूच्या मधे असे असंख्य दगड आहेत. नेपच्यूनच्या पलीकडे तर बर्फाळ गोळ्यांची गर्दीच आहे. त्यांना कुणी ग्रह म्हणत नाही, म्हणून सूर्य काही त्यांना परका होत नाही. गुरूवर पडतं तेच ऊन त्यांच्याही वाट्याला येतं, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने नाही.

वहिनी पायवाटेने खाली उतरायला लागली.

"अगं, गुडघे दुखतात तुझे! झेपायचं नाही," दादा म्हणाला.

"दुखू देत," म्हणत तिने पदर खोचला. मी मागोमाग निघाले.

तळ्याच्या पाण्याला उग्र वास होता. वहिनी काठावरच्या खडकावर बसली. तिला धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता. वरून दादाची हाक आली, "चला आता, उशीर होतोय!"

वहिनीने मान वर केली. इतक्या वर्षांत तिचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तुम्ही व्हा पुढे! मला वेळ लागेल."